गुणादाची राखण

हल्ली कुठे जेवायला बसलं की वाढणारा विचारतो, कसं झालंय? आणि सगळे एका सुरात म्हणतात, छान. भाजी जळलेली असली तरी छान. मला ते जमत नाही. जे असेल ते मी तोंडावर सांगतो. म्हणून माझ्या सुना मला खवचट म्हातारा म्हणतात. म्हणोत. ही खोड मला एका माणसाने लावली, आणि का लावली ते त्यांना ठाऊक नाही. म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण मराठी दुसरीचं. काना-मात्रा चुकेल. मजकूर चुकणार नाही.

त्या माणसाचं नाव गुणाजी. आम्ही गुणादा म्हणायचो. मिठबावच्या किनाऱ्यावर आमची रापण होती. आता ज्यांना रापण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रापण हे एकट्याचं जाळं नव्हे. होडीतून ते दर्यात अर्धगोल सोडायचं आणि दोन्हीकडचे दोर किनाऱ्यावरून ओढत आणायचे. पन्नास-साठ माणसं लागत. म्हातारा, लंगडा, कोणी का असेना, ज्याचा दोराला हात लागला त्याचा माशात वाटा पडला. मी त्या वेळी पंचविशीचा, अंगात रग होती, पाण्यात छातीपर्यंत उभा राहून ओढायचो. गुणादा मात्र दोरावर बेताचाच. काटकुळा, काळा, डोक्याला पंचा गुंडाळलेला, ओढताना तोंडाने जास्त आणि हाताने कमी. त्याच्या वाट्यावरून कोणी कुरकुरलं की विठू तांडेल म्हणायचा, “गप रवा रे. तेचो वाटो राखणीचो आसा.” विठू तांडेल म्हणजे आमच्या रापणीचा मुख्य. जाळं कधी सोडायचं, कधी नाही, हे तो ठरवायचा.

राखण म्हणजे किनाऱ्याच्या राखणदाराला वर्षातून एकदा द्यायचं जेवण. दसरा झाला की येणाऱ्या पहिल्या बुधवारी. उंडलीच्या झाडाखाली एक दगड आहे, ती त्याची जागा. तिथे कोंबे, म्हणजे कोंबडे, द्यायचे, तिथेच वाळूत चूल मांडून पुरुषांनी रांधायचं, तिथेच बसून खायचं. एक शीत घरी न्यायचं नाही आणि एक शीत टाकायचंही नाही. राखण दिल्याशिवाय जाळं पाण्याला लावायचं नाही. दिवाळी-दसरा घरातल्या बायकापोरांचा. आम्हा रापणकारांचा सण तो हा.

आणि देवाला दाखवायच्या आधी जिभेला काही लावायचं नाही. रांधणाऱ्याने सुद्धा. साठ माणसांची सागोती, म्हणजे कोंबड्याचं कालवण, आणि चाखायची नाही! करून बघा एकदा.

गुणादा करायचा. त्याच्या बापानेही केली होती. तीन चिऱ्यांवर हंड्याएवढा टोप चढायचा, खाली माडाच्या चुडतांचा जाळ. आम्ही खोबरं आणि कांदा भाजून पाट्यावर वाटप वाटत बसायचो, आणि तो टोपाशी उकिडवा बसून डोळे मिटून तोंडावर वाफ घ्यायचा. देवळात बसावं तसा. मध्येच एक डोळा उघडून म्हणायचा, “धनो कमी पडलो. घाला मूठभर.” कधी कान लावायचा. त्याचं म्हणणं, कोंबा कच्चा असेपर्यंत टोपात भांडतो, शिजला की पुटपुटतो. “आयकलंस? आता समजूत पटली तेची,” असं म्हणून जाळ ओढायचा. आम्हाला सगळ्या उकळ्या सारख्याच ऐकू यायच्या.

मीठ शेवटी. करवंटीतलं खडेमीठ ओंजळीत घ्यायचा, ओंजळ एकदा वरखाली हलवून वजन करायचा, टोपात सोडायचा, आणि उठून लगेच हात धुवायचा. हात धुतले की संपलं. मग टोपाला त्यानेही हात लावायचा नाही आणि दुसऱ्यानेही नाही. कोणी विचारलंच, गुणादा, मीठ पडलां काय रे, तर दोन्ही ओले हात नाकासमोर धरायचा. “हात धुतले. दिसणत नाय तुका?”

कडक होता. एकदा विठू तांडेलाचा मेव्हणा पाहुणा आला होता. त्याने देवाला गाऱ्हाणं घालून व्हायच्या आधी टोपातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला. गुणादाने ढवळायचा डाव खाली ठेवला. म्हणाला, “ही सागोती तुझी. आता देवाक दुसरी.” मेव्हण्याला वाडीत पिटाळून नवे कोंबे आणवले, पुन्हा वाटप, पुन्हा चूल. साठ माणसं उन्हं कलेपर्यंत उपाशी. तांडेलाच्या बायकोचा भाऊ, पण तांडेलाने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पहिली सागोती टाकायची नव्हती, म्हणून देवाची झाल्यावर तीही आम्हालाच संपवावी लागली. त्या दिवशी मी चार माणसांचं जेवलो, हे मी अभिमानाने सांगतो.

पण कडकपणा चुलीपुरता. जेवणाला बसवायला त्याला कोणीही चालायचं. त्याचा नियम होता, ज्याला आमच्या चुलीचा धूर दिसला त्याचं पान पडलंच पाहिजे. एका वर्षी कुणकेश्वराला निघालेला एक भटजी वाळूतून चालला होता. गुणादा आडवा गेला. भटजी बिचारा कोंब्याच्या वासाने नाकाला उपरणं लावून उभा. “अरे, मी हे खात नाही रे बाबा.” गुणादा म्हणाला, “मी खा म्हणाक नाय. बसा म्हणतंय.” त्याला वाऱ्याच्या बाजूला, वास जाणार नाही असा सावलीत बसवला, शहाळं फोडून दिलं, केळी दिली, गूळ-खोबरं दिलं. भटजीने ते संपवलं तेव्हाच वाट मोकळी झाली. जाताना भटजी म्हणाला, “चांगलं होतं हो.” गुणादा आमच्याकडे वळून म्हणाला, “शाळ्याक चांगलां म्हणता! तां माडान केल्यान, माका काय सांगता?”

चांगलं म्हटलेलं त्याला आवडायचंच नाही. आमच्या पंगतीची रीतच उलटी होती. दाजी म्हणून एक होता, अंगाने आडवा, तोंडाने त्याहून. पहिला घास घेतला की दाजीने ओरडायचं हे ठरलेलं. “गुण्या, मेल्या, दर्याचां पाणी वतलंस काय टोपात?” नाहीतर, “मीठ म्हाग झालां काय रे?” गुणादा भाताची टोपली कमरेला लावून तिथूनच गरजायचा, “शिरा पडली तुझ्या तोंडार! म्हशीच्या जिभेक चव खंयसून येतली?” पंगत हसायची, आणखी दोघे-चौघे तोंड घालायचे, कोणी म्हणायचं कोंबा म्हातारा होता, कोणी म्हणायचं गुणादाच्या लग्नातला होता. आणि ज्याने जास्त नावं ठेवली त्याने तिसऱ्यांदा भात मागायचा. मीठ नेहमी बरोबर असे. अगदी बरोबर.

सगळ्यांचं झालं की शेवटी गुणादा बसायचा. आम्ही तशाच खरकट्या हातांनी थांबायचो. त्याने स्वतःच्या रांधपाचा पहिला घास घ्यायचा, चावायचा, आणि निकाल द्यायचा. तो दाजीपेक्षा वाईट. “वाटप जाडां रवलां.” “धनो करपलो, पण तुमका काय कळाचां.” एका वर्षी तो नुसतं “बरी” म्हणाला होता, तर शिमग्यापर्यंत आमच्यात तेच बोलणं होतं.

त्याची बायको मूल लहान असतानाच गेली. एकच झील, सदा. सदाला त्याने डावाला हात लावू दिला नाही. कोणी म्हटलं, झिलाक शिकव, तर म्हणायचा, “नको. ह्या डावाक धरलो तर जल्मभर लोकांच्या पानाकडे बघीत रवात. तेणां लांब बघूदे.” सदा गलबतावर खलाशी झाला. देवगडाहून मंगळूरला जायचा, कौलं भरून यायचा. त्या वर्षी वैशाखात गुणादाने त्याचं लग्न केलं, शेवंती नावाची पोरगी आणली, आणि नारळी पुनव झाल्यावर सदा गलबताबरोबर गेला. स्वराज्य येऊन आठ-दहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट.

गुणादाच्या घरावर माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं होती. सदा म्हणाला होता की मालकाला सांगून ह्या फेरीत चार कौलं आपल्या घराला आणतो. चार कौलांनी घर शाकारत नाही, हे गुणादालाही कळत होतं. पण राखणीआधी जाळं सांधायला बसलं की तो रोज सांगायचा, “माझ्या घरार मंगळुरी कौल येतलां.” दाजी म्हणायचा, “चार कौलां? डोक्यार ठेवून निजतलंस काय?” गुणादा म्हणायचा, “निजतंय. तुझ्या बापाशीचां काय जाता?”

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहिलं तो दिवस.

त्या वर्षीच्या राखणीला गुणादाची घाई मोठी होती. गलबत दसऱ्याच्या आगेमागे यायचं होतं. मध्ये वारा खालून फिरला होता, दोन दिवस दर्या काळा दिसला, पण तो म्हणाला, “मंगळूर लांब आसा. थंयचो वारो हंय, हंयचो थंय नाय.” सकाळी त्याने केळीची पानं पुसून ठेवली, त्यात एक पान वेगळं काढलं. म्हणाला, “ह्यां सदाचां. आज येवक व्हयो तो.” कोंबे दिले गेले, टोप चढला. वाटप पडलं, रंग आला, सगळं पुटपुटायला लागलं. विठू तांडेल आणि मी जाळं ठेवायच्या खोपीपाशी दोर सारखे करत होतो. जेवण झालं की त्याच दिवशी पहिलं जाळं सोडायचं असतं.

विठूचं लक्ष उत्तरेला गेलं. कुणकेश्वराच्या बाजूने एक माणूस वाळूतून येत होता. एकटा, अनवाणी, अंगात कोणाची तरी मोठी पैरण. मी ओळखला नाही. विठूने चालीवरून ओळखला. तो आमच्याच वाडीचा येसू. सदाच्या गलबतावरचा. जो माणूस दर्यात असायला पाहिजे तो वाळूतून चालत येत होता.

विठूचा आवाज मी त्यानंतर बऱ्याचदा आठवला. अगदी साधा आवाज. तो चुलीकडे ओरडला, “गुणा! बावीत कायतरी पडलां म्हणतत, पाण्याक वास येता. जरा बघून ये रे.” गुणादा करवादला, “आताच?” पण पाण्याचं काम, उठला आणि माडांच्या आत विहिरीकडे गेला. तो दिसेनासा झाल्यावर विठू येसूला सामोरा गेला, त्याला दंडाला धरून खोपीत आणलं आणि जाळ्यांच्या ढिगाआड बसवलं. दाजी मागोमाग आत आला.

येसू रडला नाही. त्याने सांगितलं ते थोडक्यात असं, कारवारच्या खाली वादळात सापडले, गलबत खडकावर गेलं, तो एका फळीला धरून राहिला. सदा त्याच्या समोर होता. मग नव्हता. इतकंच. किनाऱ्याला लागल्यावर कोणीतरी त्याला पैरण दिली, आणि दुसऱ्या गलबताने देवगडला आणून सोडलं होतं.

दाजीने तोंडावरून हात फिरवला. म्हणाला, “चल. सांगूया तेका.”

“सांग,” विठू म्हणाला, “आणि मगे टोप वत दर्यात.”

“विठू, बापूस आसा तो.”

“माका कळता. सुतक कानातसून लागता, दाजी. आयकलां की लागलां. आयकाक नाय तोवर नाय. आता कोंबे दिले, देवाक हाक मारली. आता तेका सांगलां तर तेच्या हातचां देवाक चलाचां नाय, सुतक फिटासर जाळां पाण्याक लागाचां नाय. गेल्या वर्षी काय गावलां तां तू बघलंस. साठ चुली आसत.”

“आणि तेच्या हातचां आमी जेवूचां?”

“जेवूक व्हयां. शीत उरता नये.” मग विठू खाली बसला. “पानां उचलली की मी सांगतंय. मीच सांगतंय. तुमी कोणी नको.”

मला कोणी विचारलं नाही. विठू वाईट माणूस नव्हता. आजही मला कोणी म्हटलं की विठूने पाप केलं, तर मी भांडतो. आणि कोणी म्हटलं की त्याने बरोबर केलं, तर त्याच्याशीही भांडतो.

गुणादा विहिरीवरून आला. हात ओले. “काय पडूक नाय बावीत. चुडताचो पालो होतो, काढलंय. कोण सांगी होतो वास येता म्हणान? हात धुवन इलंय बघ,” आणि सवयीने दोन्ही हात पुढे धरले. “चला. मारा हाक.”

सगळे दगडापाशी उभे राहिले. तोपर्यंत बातमी कानातून कानात साठ माणसांना कळली होती. साठांना म्हणजे एक सोडून. तांडेलाने गाऱ्हाणं घालायचं असतं, बाकीच्यांनी होकार भरायचा. विठूने हात जोडले.

“बा देवा राखणदारा, आज तुझ्या लेकरांनी जी काय राखण दिल्यानी आसा, ती गोड करून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“कोणाचां काय चुकलां माकलां आसात तर पोटात घाल रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

पुढचं वाक्य दरवर्षीचं. ते गाळता येत नाही, गाळलं असतं तर गुणादानेच विचारलं असतं, गाळलंस कित्याक. विठू थांबला. मग म्हणाला, “जी कोण लेकरां दर्यार गेलेली आसत, तेंका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” हे एकट्या गुणादाचं.

पंगत बसली. तो वाढत आला. भाताचा डोंगर, वर सागोती, लाल, चकचकीत. मी पहिला घास घेतला. अळणी. नुसता अळणी नव्हे, मिठाचा एक खडा त्यात पडलेला नव्हता. मला वाटलं माझ्या तोंडाची चव गेली. अशी बातमी ऐकल्यावर जाते, माझी आई गेली तेव्हाही गेली होती. मी मान खाली घालून खात राहिलो. नंतर विचारलं तेव्हा कळलं, प्रत्येकाला तसंच वाटलं होतं. साठ माणसांनी साठ वेळा हेच मनात म्हटलं आणि प्रत्येकाने पुढचा घास घेतला.

गुणादा पंगतीतून फिरत होता. “काय रे, मोनव्रत धरलात? मढ्यावयल्यासारखे काय जेवतास?”

दाजीपाशी येऊन तो मुद्दाम थांबला, कमरेवर हात ठेवून, शिवी खायच्या तयारीने. “हां. बोल. काय खोड काढतंस ती काढ.”

दाजी पानात बघून म्हणाला, “बरी झाली.”

“काय?”

“बरी झाली सागोती, गुणा.”

गुणादा हसला. “आयकलात काय रे? दाजी बरी म्हणता! आज दर्या आटाचो.” कोणी हसलं नाही. तो पुढे गेला, पण जाताना एकदा वळून बघितलं.

वाढून झालं. सदाचं पान कोरडं पडलं होतं. त्याने दर्याकडे बघितलं. मग म्हणाला, “आज काय येणा नाय तो. पान उरूक नको. खोपीत कोण आसा? मघा कोणतरी इलो ना?”

“वाटसरू आसा,” विठू म्हणाला, “तापलेलो. पडान आसा.”

“मगे धूर दिसलो तेका. ह्यां पान तेका दी.” त्याने स्वतः भरलं. दोन तुकडे जास्त घातले. “तापाचां माणूस, रस जरा जास्ती घाल. दाजी, जा घेवन.” दाजी ते पान दोन्ही हातांवर घेऊन खोपीत गेला. येसू ते जेवला. कसा जेवला ते मी बघितलं नाही, आणि दाजीने कधी सांगितलं नाही.

मग गुणादा बसला. आम्ही खरकट्या हातांनी थांबलो. त्याने घास घेतला. चावला. चावणं थांबलं.

आधी त्याने आपल्या हातांकडे बघितलं. मग चुलीकडे. चुलीच्या मागच्या चिऱ्यावर मिठाची करवंटी भरलेली होती. विठूने हाक मारली तेव्हा ती त्याच्या हातात होती. तो ती ठेवून विहिरीवर गेला, तिथे पाणी काढलं, हात धुतले, आणि धुतलेले हात बघून त्याच्या मनाने धरलं की मीठ पडलं. हे त्याचं त्याला त्या घासाबरोबर कळलं असणार. चूक कळल्यावर माणूस कपाळाला हात लावतो. त्याने लावला नाही. त्याने दाजीच्या पानाकडे बघितलं. पान चाटून पुसून स्वच्छ. मग त्याच्या पुढचं पान, मग त्याच्या पुढचं. सगळी स्वच्छ. मग आमच्या तोंडांकडे. एकाचीही मान वर नव्हती.

मग तो जेवला. सावकाश, सगळं. भात बोटांनी गोळा करून, रस निपटून. एक शीत ठेवलं नाही. पान दुमडलं, उठला, हात धुतले, आणि विठूसमोर येऊन उभा राहिला.

“कोण गेलो?”

विठूने खोपीकडे बघितलं.

“अळणी सागोती साठ माणसां गप खातत. दाजी बरी म्हणता. माझो कोण गेलो तां सांग, विठू. जेवलंय मी. उराक नाय काय.”

विठूने मीच सांगतो म्हटलं होतं, पण त्याला सांगता आलं नाही. खोपीच्या दारात येसू येऊन उभा राहिला होता, रिकामं पान हातात धरून. गुणादाने त्याला बघितलं. मग त्याने काही विचारलं नाही.

तो नेसत्या पंच्यानिशी दर्यात उतरला. आम्ही घाबरून मागे धावलो, पण त्याने फक्त आंघोळ केली, सुतकाची. तीन वेळा डोकं बुडवलं, वर आला, आणि आमच्यामधून वाट काढत घराकडे गेला. घरी शेवंती होती. तिला अजून सांगायचं होतं.

आम्ही जाळं सोडलं. सोडावंच लागतं. दोर ओढताना आम्ही तालावर हाळी देतो, त्या दिवशी कोणी दिली नाही. नुसते श्वास ऐकू येत होते. आणि जाळं भरून आलं. इतकं भरून की दोर हाताला कापत होता, बांगडा, सुरमई, वाळूत चांदीची रास. राखणदाराने अळणी राखण गोड करून घेतली होती. त्याचा आम्हाला जेवढा राग आला तेवढा कशाचाच आला नसेल. दाजीने एक मोठा मासा उचलून पुन्हा दर्यात फेकला आणि त्याला शिव्या दिल्या. गुणादाचा वाटा आम्ही घरी पाठवला. टोपली तशीच परत आली.

त्यानंतर गुणादाने डाव धरला नाही. किनाऱ्यावर यायचा, दोर ओढायचा, पूर्वीपेक्षा चांगला ओढायचा, कारण तोंड बंद होतं. विठूशी भांडला नाही. भांडला असता तर विठू वाचला असता असं मला वाटतं. विठूने दोन वर्षांत तांडेलकी सोडली. राखण दाजी रांधू लागला, आणि पंगतीत त्याला कोणी नावं ठेवेना. हिंमत होत नव्हती. पुढे सन साठनंतर यंत्राच्या होड्या आल्या, बाहेरच्या बाहेर मासळी उचलू लागल्या. आमचं जाळं रिकामं येऊ लागलं. माणसं मुंबईला गेली, दोर ओढायला हात उरले नाहीत, जाळं विकलं. उंडलीखालचा दगड तिथेच आहे. त्याला कोण काय देतं मला ठाऊक नाही.

मी मात्र गुणादाकडे जात राहिलो. शेवंती माहेरी गेली नाही. ती सासऱ्याजवळ राहिली, लोकांच्या कलमांच्या बागेत कामाला जायची, संध्याकाळी रांधायची. आणि हा माणूस रोज तिच्या जेवणाला नावं ठेवायचा. माझ्यादेखत. “आमटी हा काय तोंड धुवचां पाणी?” “मीठ खंय गेलां, मंगळुराक?” “ह्यो भात, की भिंतीक लावचो चुनो?” एकही दिवस चुकला नाही. आमटी चांगली असे, मी खाल्लेली आहे. शेवंती खाली मान घालून ऐकायची, आणि कधी कधी मला वाटे की ती हसते आहे.

एकदा मला सहन झालं नाही. बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, “गुणादा, राबान येता ती. कित्याक छळतंस पोरीक?”

तो बराच वेळ विडी शोधत राहिला. मग म्हणाला, “एकदा मी गप जेवलंय. दाढ दुखी होती. तर ती भिंतीक टेकान उभी रवली आणि थरथराक लागली. म्हणता, बाबांनू, काय झालां? आता कोण रवलां?” विडी त्याने पेटवलीच नाही. “जेवताना नावां ठेवूची रे. नायतर रांधणाऱ्याक भय वाटता.”

तेव्हापासून मी ठेवतो. सगळीकडे.

त्याला शेवटचा बघितला तो असाच एका दुपारी. पडवीत चटईवर होता, पोट पाठीला गेलेलं. घरावर झापंच होती. शेवंती कांशात, म्हणजे काशाच्या वाडग्यात, पेज घेऊन आली, त्याला उठवून बसवलं, आणि दाराला धरून उभी राहिली. मीही थांबलो. त्याने दोन्ही हातांनी कांसं धरलं, घोट घोट करून सगळी पेज प्यायला. तळाची शितं बोटाने काढून खाल्ली. कांसं खाली ठेवलं. आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

“बरी झाली हां, बाय,” तो म्हणाला, आणि आडवा झाला.

शेवंती आत गेली. चुलीवरच्या टोपात पेज उरली होती. तिने बोट बुडवून चाखली, मग पुन्हा चाखली. उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच खाली बसली.

“मीठ आसा हो, दादा,” ती मला म्हणाली. “मीठ बरोबर आसा.”